शिक्षकांचा कॅमेरा, नर्सबाईंचा शिक्का : उदयपूरच्या दोन हजेऱ्यांचं प्रकरण

उदयपूर शहराची तळी आणि महाल मागे टाकून अरवलीच्या डोंगरात शिरलं की भिल्लांच्या वस्त्या लागतात. घरं टेकड्यांवर विखुरलेली, रस्ते कच्चे, आणि एका वस्तीतून दुसरीकडे जायचं तर बऱ्याचदा पायीच. सेवा मंदिर ही स्वयंसेवी संस्था साठच्या दशकापासून या भागात काम करते. सरकारी शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी ती एकशिक्षकी शाळा चालवते. एक खोली, वीसेक मुलं, आणि जवळपासच्याच भागातला, साधारण दहावीपर्यंत शिकलेला एक शिक्षक किंवा शिक्षिका. २००३ च्या ऑगस्टमध्ये या शाळांना अचानक भेटी दिल्या, तेव्हा बऱ्याच वेळा शिक्षक जागेवर नव्हता. शाळेत दुसरा माणूसच नसल्यामुळे शिक्षकाचा खाडा म्हणजे शाळेला कुलूप.

पुढच्या चार वर्षांत याच जिल्ह्यात आणि याच संस्थेच्या देखरेखीखाली दोन प्रयोग झाले. पहिला या शिक्षकांवर, दुसरा सरकारी आरोग्य उपकेंद्रांमधल्या नर्सेसवर. दोन्हींचा हेतू माणसाने कामावर यावं एवढाच होता, आणि दोन्हींत हजेरीची नोंद यंत्राने व्हायची व ती पैशाशी जोडलेली होती. पहिला प्रयोग टिकला. दुसरा सहा महिने जोरात चालला आणि सोळा महिन्यांत संपला. कर्मचाऱ्यांच्या प्रेरणेवर बोलताना आपण बहुतेक वेळा कर्मचाऱ्याच्या मनाबद्दल बोलतो. त्याला कामाची आवड आहे का, निष्ठा आहे का, पैशांपुढे त्याला काही दिसतं का. उदयपूरमध्ये निकाल लागला तो वेगळ्याच गोष्टीवर. वरच्या माणसाने दिलेला शब्द पाळला की नाही, यावर. हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यामुळे.

पहिला प्रयोग : पन्नास रुपयांचा दिवस

एस्थर डुफ्लो, रेमा हॅना आणि स्टीफन रायन या अर्थतज्ज्ञांनी सेवा मंदिरासोबत हा प्रयोग आखला. सुमारे १२० शाळांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निम्म्या निवडल्या. त्या शाळांच्या शिक्षकांना एक साधा कॅमेरा दिला. फोटोवर तारीख आणि वेळ आपोआप उमटायची. ती बदलायची बटणं जाड चिकटपट्टीने बंद केलेली, वर सील. शाळा भरताना आणि सुटताना एखाद्या विद्यार्थ्याने शिक्षकाचा आणि बाकीच्या मुलांचा फोटो काढायचा. दोन फोटोंमध्ये निदान पाच तासांचं अंतर हवं आणि प्रत्येक फोटोत निदान आठ मुलं दिसायला हवीत. तरच तो दिवस भरला.

पगाराचा हिशोब कोणालाही तोंडी करता येईल इतका सोपा ठेवला होता. महिन्याला वीस दिवस भरले तर नेहमीचे १,००० रुपये. त्यावर जादा भरलेल्या प्रत्येक दिवसाचे ५० रुपये, आणि वीसला जितके दिवस कमी पडतील त्या प्रत्येकाचे ५० रुपये वजा. कितीही खाडे झाले तरी ५०० रुपये मात्र हातात पडणारच. जास्तीत जास्त १,३०० मिळू शकत. उरलेल्या निम्म्या शाळांत जुनीच पद्धत राहिली, म्हणजे सरसकट १,००० रुपये आणि ‘फार खाडे केलेत तर काढून टाकू’ ही तंबी. ती तंबी प्रत्यक्षात क्वचितच अमलात यायची आणि हे शिक्षकांनाही ठाऊक होतं.

सप्टेंबर २००३ मध्ये सुरुवात झाली. तुलनेच्या शाळांत गैरहजेरी ४२ टक्के राहिली, कॅमेऱ्याच्या शाळांत ती २१ टक्क्यांवर आली. बरोबर निम्मी. हा फरक चार-दोन कामचुकार लोकांना वठणीवर आणून आलेला नव्हता. अधूनमधून येणारे नियमित झाले, आणि नियमित येणारे जवळजवळ रोज येऊ लागले. नव्वद टक्क्यांहून जास्त दिवस भरणारे शिक्षक कॅमेऱ्याच्या गटात एक तृतीयांशाहून अधिक होते. दुसऱ्या गटात असं कोणी जवळपास नव्हतंच.

इथे कोणीही विचारेल की हा कॅमेऱ्याचा धाक होता की पैशाचा परिणाम? संशोधकांनी याचं उत्तर फार सुरेख शोधलं. समजा एखाद्या शिक्षकाचे महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चारच दिवस भरले आहेत. आता उरलेले दिवस तो आला काय, न आला काय, त्याला ५०० रुपयेच मिळणार. कॅमेरा तर त्याच्याकडे आहेच, नोंदही होतेच आहे. तरीही असे शिक्षक महिन्याच्या शेवटी कमी दिसत. मग एक तारीख उजाडली, पाटी कोरी झाली, की त्यांची हजेरी एकदम वर उसळायची. तुलनेच्या गटात ही उसळी नव्हती. नुसत्या देखरेखीचा धाक असता तर तारखेने काही फरक पडला नसता. माणूस आपल्या दिवसाची किंमत मोजून वागत होता, आणि ती मोजणं त्याला शक्य होतं, कारण नियम स्वच्छ होता.

दुसरी एक गोष्ट याहून लक्षात घेण्यासारखी आहे. दोन्ही गटांत शिक्षकांना मिळालेला सरासरी पगार जवळपास सारखाच निघाला. संस्थेने पगारावर जादा पैसा फारसा ओतला नाही. तेच हजार रुपये तिने निराळ्या रीतीने वाटले. पगारवाढ दिली की लोक मन लावून काम करतील, हे आपण सहज गृहीत धरतो. इथे रक्कम तीच राहिली. फक्त काम आणि मोबदला यांच्यातला तुटलेला धागा जोडला गेला.

शाळा जास्त दिवस उघड्या राहिल्यामुळे मुलांना जवळजवळ तीस टक्के जास्त शिकवणी मिळाली. वर्षभराने घेतलेल्या चाचणीत त्यांचे गुण सुधारले. ही सुधारणा मोठी नव्हती, पण स्पष्ट होती. अडीच वर्षांत कॅमेऱ्याच्या शाळांतली २६ टक्के मुलं पुढे सरकारी शाळेत दाखल झाली, तुलनेच्या शाळांतली १६ टक्के. माझ्या लेखी सगळ्या प्रयोगाचं सार या दहा टक्क्यांत आहे, कारण त्या शाळांचं कामच मुलांना तिथपर्यंत पोचवण्याचं होतं.

पैशाच्या आमिषाने माणसाची आतली ओढ मरते, असा एक जुना आक्षेप आहे. फोटोपुरता येईल आणि झाडाखाली बसून राहील, ही भीती इथेही होती. तसं झालं नाही. वर्गात असताना शिकवण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच आढळलं. पण याच वाक्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. शिकवणं बिघडलं नाही, तसंच ते सुधारलंही नाही. पैसे हजेरीचे होते, हजेरी मिळाली. शिक्षक आल्यावर जे करायचा तेच आता अधिक दिवस करू लागला.

दुसरा प्रयोग : तीन शिक्के

आता नर्सेसकडे येऊ. प्रकरणाची ही बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल बोललं मात्र कमी जातं.

२००२-०३ मध्ये अभिजित बॅनर्जी, अँगस डीटन आणि एस्थर डुफ्लो यांनी उदयपूर जिल्ह्यातल्या आरोग्यसेवेची पाहणी केली. सरकारी उपकेंद्रांना वर्षभर दर आठवड्याला भेट देऊन ती उघडी आहेत का, एवढं नोंदवलं. कामाच्या वेळेत ५६ टक्के वेळा उपकेंद्र बंद होतं. नर्सबाई फिरतीवर असतील म्हणून बंद असेल, असं म्हणावं, तर बंद सापडलेल्या वेळांपैकी फक्त १२ टक्के वेळा त्या आसपासच्या वस्तीत भेटल्या. उपकेंद्र कोणत्या दिवशी बंद असतं याचाही काही नेम नव्हता. मंगळवारी हमखास बंद, असं असतं तर लोकांनी बुधवारी जायची सवय लावून घेतली असती. तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन दोन टेकड्या चढून आलेल्या बाईला कुलूप दिसलं, की पुढच्या वेळी ती येत नाही. ती गावातल्या झाडफूक करणाऱ्या भोप्याकडे जाते किंवा पदवी नसलेल्या ‘बंगाली डॉक्टर’कडे. तो निदान दुकान तरी उघडं ठेवतो.

जिल्ह्याच्या आरोग्य प्रशासनाला हे मान्य होतं. शिक्षकांचा प्रयोग यशस्वी झालेला, त्यामुळे सेवा मंदिराने देखरेख करावी आणि कारवाई प्रशासनाने करावी, असं ठरलं. फेब्रुवारी २००६ मध्ये सुरुवात झाली. नर्सबाईंना तारीख-वेळेचा शिक्का उमटवणारं यंत्र दिलं, वेळ बदलता येणार नाही असं. ठरलेल्या दिवशी रजिस्टरवर तीन शिक्के मारायचे, एक सकाळी, एक दुपारी, एक कामाची वेळ संपताना. महिन्यात निम्म्याहून जास्त खाडे झाले तर त्या सगळ्या खाड्यांचा पगार कापला जाईल, आणि पुढच्या महिन्यातही तेच झालं तर निलंबन, असं प्रशासनाने जाहीर केलं. या प्रयोगाचा अभ्यास बॅनर्जी, डुफ्लो आणि रेचल ग्लेनर्स्टर यांनी केला.

पहिल्या सहा महिन्यांत चमत्कार वाटावा असं झालं. देखरेखीच्या दिवशी साधारण ६० टक्के नर्सेस जागेवर मिळू लागल्या. जिथे यंत्र नव्हतं तिथे हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं. तेव्हा अभ्यास थांबला असता, तर आज हे प्रकरणही यशोगाथा म्हणून सांगितलं गेलं असतं.

मग उतरण लागली. नर्सेस अचानक आळशी झाल्या किंवा यंत्राला फसवू लागल्या, असं काही घडलं नाही. रजिस्टरात ‘हजर’ आणि ‘गैरहजर’ यांच्या जोडीला एक तिसरा रकाना होता, सवलतीचा. आज बैठक होती, आज शिबिर होतं, आज सर्वेक्षणाची ड्युटी लागली. अशा दिवशी नर्सबाई उपकेंद्रात नसल्या तरी तो खाडा धरायचा नाही. नियम म्हणून यात काहीच चूक नाही. अशी कामं खरोखरच असतात. पण ही सवलत देण्याचा अधिकार प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वरिष्ठांकडे होता आणि महिन्यागणिक सवलतीचे दिवस वाढत गेले. कागदोपत्री खाडे कमी दिसत होते, कारण खाड्यांचं नाव आता ‘सवलत’ झालं होतं. ‘यंत्र बंद आहे’ ही तक्रारही वाढली. सोळा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक उरला नाही. यंत्र असलेली उपकेंद्रंही तितकीच बंद, जितकी यंत्र नसलेली.

कुंपणानेच शेत खाल्लं. पगार कापण्याचं फर्मान काढणाऱ्या यंत्रणेनेच तो कापला जाऊ नये याची सोय करून दिली, तीही फर्मान मागे न घेता.

मला यात नर्सबाईंना दोषी ठरवायचं नाही. एकटी बाई, परक्या गावात नेमणूक, रात्री-अपरात्री बाळंतपणाला बोलावणं, राहण्याजोगं नसलेलं उपकेंद्र, जवळ मुलांसाठी चांगली शाळा नाही. ती शहरात राहून ये-जा करते, याची कारणं कोणत्याही समंजस माणसाला कळतील. तिच्या साहेबालाही ती कळतात. म्हणूनच त्याच्यासमोर ती अर्ज घेऊन उभी राहिली की ‘नाही’ म्हणणं त्याला जड जातं. रोज तिच्यासोबत काम करायचं, तिच्याकडून लसीकरणाचे आकडे घ्यायचे आणि महिनाअखेर तिचा पगार कापायचा, हे कोणालाही नको असतं. एक सही केली की सगळ्यांचं भागतं. बंद कुलूप पाहून परत जाणारी बाई त्या खोलीत हजर नसते, एवढाच काय तो फरक.

दोन्ही ठिकाणी वेगळं काय होतं

शिक्षकाच्या पगारात आणि फोटोत तिसरा माणूस नव्हता. मुख्याध्यापक नव्हता, केंद्रप्रमुख नव्हता. फोटो मोजले, दिवस धरले, पन्नासने गुणले, पैसे दिले. ‘बाईंच्या घरी लग्न होतं, जाऊ द्या’ असं म्हणणारा कोणी नव्हता, तसाच ‘हा माझं ऐकत नाही, याचे दोन दिवस कापा’ असं म्हणणाराही नव्हता. दुसरा मुद्दा मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. नियम कडक असला तरी त्यात साहेबाची मर्जी नव्हती, आणि कर्मचाऱ्याला सन्मान वाटायला यापेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही.

केनियात बालवाडीच्या शिक्षकांवर असाच एक प्रयोग झाला होता. मायकल क्रेमर त्या अभ्यासात होते. तिथे हजेरीचा बोनस द्यायचं काम मुख्याध्यापकांवर सोपवलं होतं. मुख्याध्यापकांनी कोण आलं, कोण नाही हे न बघता बोनस वाटून टाकला आणि गैरहजेरी होती तशीच राहिली. देश वेगळा, खातं वेगळं, आणि गळती मात्र त्याच जागी. बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर या तिघांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा आपल्याकडे गरिबीवरच्या त्यांच्या कामाची खूप चर्चा झाली. कचेरीतल्या माणसांबद्दल त्यांनी जे शोधलं, त्याची तितकी झाली नाही.

शिक्षकापुढे कमावण्याची संधी होती, नर्सपुढे फक्त गमावण्याची भीती, हाही फरक खरा आहे. मन लावून वीसचे पंचवीस दिवस भरणाऱ्या शिक्षिकेच्या हातात अडीचशे रुपये जास्त पडत. हजार रुपये पगारात ही रक्कम लहान नाही. रोज नेमाने तिन्ही शिक्के मारणाऱ्या नर्सबाईंना काय मिळालं? काहीच नाही. उलट शेजारच्या उपकेंद्रातली बाई सवलतीवर घरी बसून तितकाच पगार घेते, हे त्यांनी पाहिलं. सगळ्यात आधी खचतो तो असा प्रामाणिक कर्मचारी. आळशी माणसाचं नुकसान झालेलं नसतं, कारण त्याने काही दिलेलंच नसतं.

आणि हजर असणं म्हणजे काय, ते शिक्षकाच्या बाबतीत स्पष्ट होतं. तो शाळेत आहे किंवा नाही. नर्सबाईंचं काम निम्मं उपकेंद्रात आणि निम्मं घरोघरी. म्हणून तर आठवड्यातला ठरावीक दिवस धरला होता. पण जिथे काम पसरलेलं असतं तिथे सवलतीला जागा असतेच, आणि ती जागा कोणाच्या ताब्यात द्यायची हे आधी ठरवावं लागतं.

हजेरीशिवाय दुसरं काही मोजलं तर काय होतं, त्याचं उत्तर आंध्र प्रदेशात मिळालं. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी तिथल्या सरकारी शाळांत मुलांच्या गुणवाढीवर शिक्षकांना बोनस दिला. दोन वर्षांत मुलांचे गुण वाढले. शिक्षकांची हजेरी मात्र वाढली नाही. आल्यावर ते जादा गृहपाठ देऊ लागले, जादा तास आणि सराव परीक्षा घेऊ लागले. उदयपूरमध्ये दिवस वाढले आणि शिकवणं तसंच राहिलं. आंध्रात शिकवणं वाढलं, दिवस तितकेच राहिले. कर्मचारी आपल्याला वाटतो त्याहून काळजीपूर्वक ऐकत असतो. आपण कशाचे पैसे देतो तेच तो ऐकतो, भाषणात काय म्हणतो ते नाही.

आपल्याकडे

महाराष्ट्रात २०१६ च्या अखेरीस शिक्षकांनी विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून पाठवायचा आदेश निघाला होता. शिक्षक संघटनांनी विरोध केला आणि तो स्थगित झाला. वरवर पाहता उदयपूरचाच कॅमेरा. पण त्या सेल्फीमागे शिक्षकाला देण्यासारखं काही नव्हतं. होता तो फक्त संशय आणि आणखी एक माहिती भरायचं काम. कॅमेरा उचलून आणता येतो, त्यामागचा करार नाही.

आशा सेविकांचं उदाहरण याच्या उलट बाजूचं आहे. त्यांना बराचसा मोबदला कामावर मिळतो, म्हणजे प्रसूती दवाखान्यात झाली, लसीकरण पूर्ण झालं, तसतसा. कामाशी जोडलेला मोबदला म्हणतात तो हाच. त्या घरोघर फिरतात, यात कोणाला शंका नाही. पण २०२३ मध्ये संपानंतर मानधनवाढीचं आश्वासन मिळालं आणि शासन निर्णय निघेना, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये त्यांना पुन्हा संपावर जावं लागलं. जिथे सेविकांनी आपला शब्द पाळला आणि शासनाने लांबवला, तिथे ‘कर्मचाऱ्यांना प्रेरित कसं करावं’ या विषयावरचं प्रशिक्षण कोणाला द्यायला हवं, हा प्रश्न मला फार गंभीर वाटतो.

उदयपूरमध्ये अभ्यास संपल्यावरही सेवा मंदिराने शिक्षकांचे कॅमेरे बंद केले नाहीत. ते सगळ्या शाळांत नेले, आणि नंतरच्या अचानक भेटींतही गैरहजेरी पूर्वीच्या पातळीवर परत गेलेली दिसली नाही. आज जिल्ह्याजिल्ह्यांत बायोमेट्रिक आणि चेहरा ओळखून हजेरी लावण्याची व्यवस्था येते आहे. ती आणणाऱ्या अधिकाऱ्याने निविदा काढण्याआधी एक कागद घ्यावा आणि त्यावर तीन गोष्टी लिहाव्यात. सवलत कोण देणार, महिन्याला किती देणार, आणि नियमित येणाऱ्याला काय मिळणार. मग दर महिन्याच्या अहवालात ‘सवलत’ हा रकाना ‘गैरहजर’च्या शेजारीच छापावा, आणि त्याच्यासमोर ती देणाऱ्या वरिष्ठाचं पदनामही.